चाळीस धपाट्यांचे परमिट

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत रामप्रसादरावांच्या फाटकाशी सिमेंटची एक गोणी पडलेली आहे. गोणपाट केव्हाच कुजून गेले. उरला तो गोणीच्याच आकाराचा दगड, त्यावर शिवणीची खूणसुद्धा उमटलेली. १९८१ साली पुढची खोली बांधताना रामप्रसादरावांना परमिटवर सिमेंट मिळाले. त्यातली एक गोणी त्यांनी वापरली नाही. पुन्हा मिळेल न मिळेल, म्हणून राखून ठेवली. पुढे सिमेंट कुणालाही, हवे तितके मिळू लागले, आणि राखलेल्याचा दगड झाला. ते तिला अजून ‘शिल्लक’ म्हणतात. भाजीवाला, पोस्टमन, समोर राहणारी मी, सगळे त्या शिलकीवर बसतो.

रामप्रसादराव पुरवठ्याच्या एका कचेरीत छत्तीस वर्षे कारकून होते. हल्लीच्या मुलांना हे काम समजावून सांगावे लागते. इंग्रज गेले, आमच्याकडचा निजाम त्यानंतर तेरा महिन्यांनी गेला, आणि मागे राहिली रिकामी कोठारे. नव्या सरकारने ठरवले, आहे ते थोडे मोजून वाटायचे. कुणी काय बनवायचे, किती बनवायचे, कुणाला किती द्यायचे, सगळे कागदावर. शाळेत शिकवताना मी याला नियोजन म्हणत असे आणि पाच गुणांना विचारत असे. रामप्रसादरावांनी ते स्वतःच्या हाताने केले.

लग्नाच्या साखरेचे परमिट त्यांच्या टेबलावर होते. लोक पत्रिका घेऊन येत. पत्रिका खरी की साखरेपुरती छापलेली, हे ते कागद नाकाजवळ नेऊन ओळखत. एकाच नवरदेवाची तीन महिन्यांत दोन लग्ने त्यांनी पकडली होती. चौकशीत निघाले की तो बिचारा अजून बिनलग्नाचाच आहे. स्वतःच्या लग्नातही त्यांनी कुणाला सूट दिली नाही. पंगतीला किती पाहुण्यांना जेवू घालायचे, याला त्या दिवसांत सरकारी मर्यादा होती. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मांडवाच्या दारात उभा राहून पाने मोजत होता. मर्यादा भरली तेव्हा पुढचा पाहुणा नेमका सख्खा मामा निघाला. मामांना चहा दिला. मामा नंतर आयुष्यभर यांच्याशी बोलले नाहीत. लीलाबाई, म्हणजे रामप्रसादरावांच्या पत्नी, असेपर्यंत ही गोष्ट दर संक्रांतीला सांगत, आणि ते दर वेळी म्हणत, “आकडा माझा नव्हता, सरकारचा व्हता.”

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या माणसाने कुणाच्या साखरेतला एक दाणा घरी आणला नाही. दर महिन्याच्या शेवटी त्यांच्याच घरी बिनसाखरेचा चहा असे.

एक्क्याण्णव सालानंतर त्यांच्या टेबलापुढची गर्दी ओसरली. शेवटची वर्षे केवळ रॉकेलवर निघाली. निवृत्त झाल्यावर ते टेबल नाही, पण तसेच एक टेबल त्यांनी पुढच्या खोलीत मांडले आणि घराचा कारभार हाती घेतला. गॅसचे सिलिंडर बदलायचे तर अर्ज. पाहुणे राहायला येणार तर पाच दिवस आधी अर्ज. सून शीला हुशार. ती पाहुणे जेवून गेल्यावर अर्ज देई आणि तारीख मागची टाकी. मुलगा रामेश्वर, माझा विद्यार्थी, वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहे. तो अर्ज वाचताही न येणाऱ्या अक्षरात लिहीत असे. हे मी शाळेतही खूप सोसले आहे.

गेल्या वर्षी प्रांजलीने, म्हणजे रामेश्वरच्या मुलीने, घरात सांगितले की तिला नोकरी करायची नाही, धपाटे करायचे आहेत. ज्वारीचे, आजी करायची तसे, तीळ आणि लसूण घातलेले. उस्मानपुऱ्यात, औरंगपुऱ्यात अभ्यासिकांमधून बसणारी मुले संध्याकाळी काय खातात ते तिने पाहिले होते. रामेश्वरला हे पटले नाही. पुण्याला मावसभावाच्या कंपनीत तिची जागा ठरल्यात जमा होती. त्याने मुदत दिली: दिवाळीपर्यंत धंदा उभा राहिला तर राहिला, नाहीतर भाऊबीज झाली की पुण्याची गाडी. प्रांजलीला पुण्याला जायचे नव्हते. तिला जागा हवी होती, आणि शेगडी लावण्याजोगी जागा एकच, आबांची, म्हणजे रामप्रसादरावांची, पुढची खोली.

आबांनी अर्ज मागितला.

तिने दिला. आबांनी चष्मा लावून वाचला आणि विचारले, रोजचे उत्पादन किती. ती म्हणाली, खपतील तितके. आबांनी कागद परत केला. त्यांच्या मते असे कधी नसते. किती करायचे ते आधी ठरते, मग करायचे. त्यांनी ज्वारीची उपलब्धता, तव्याचा व्यास आणि खिडकीतून जाणारा धूर यांचा आठ दिवस अभ्यास केला. कोपऱ्यावर मुक्ताबाई भाकरी विकतात. त्यांच्या छोट्या उद्योगाला बाधा येते का, याची चौकशी केली. मुक्ताबाईंनी ना-हरकत लिहून दिली आणि खाली शेरा मारला की पोरीच्या धपाट्याला तीळ कमी पडतात. मग परमिट मिळाले. रोज चाळीस धपाटे. एकही जास्त नाही.

श्रावण बरा गेला. चाळीस खपत, कधी पस्तीस. लोक म्हणत, आज नको, उद्या घेऊ, कुठे पळून जातात. गणपतीत उस्मानपुऱ्याच्या एका वसतिगृहातून तीस धपाट्यांची वेगळी मागणी आली. आवडले तर रोज घेऊ, असा निरोप होता. प्रांजलीने पहाटे उठून सत्तर केले. आबांनी मोजले. टेबलावर बसले आणि नात समोर उभी असताना तिच्या नावाने नोटीस लिहिली. मंजूर क्षमतेहून अधिक उत्पादन. तीस धपाटे जप्त झाले. डब्यात घालून, वर दोरा बांधून, चिठ्ठी डकवून ते टेबलाच्या खणात गेले.

तुम्ही हसाल, पण मोठमोठ्या कारखानदारांना या देशात अशा नोटिसा येत असत. लोक वस्तूसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले, आणि वस्तू जास्त केली म्हणून कारखानदार गुन्हेगार. आबांनी नवे काही केले नव्हते.

जप्त मालाचे वाटप रीतसर व्हावे म्हणून त्यांनी गल्लीतल्या गरजूंची यादी करायला घेतली. यादीला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दोरा सोडला तेव्हा धपाट्यांवर हिरवी बुरशी उगवली होती. वसतिगृहाने दुसरीकडून सोय केली.

त्या संध्याकाळी प्रांजली माझ्याकडे आली. रडली नाही. पुण्याला थंडी किती असते, एवढेच विचारले. मी तिला बसवले आणि समोरच्या घरी गेले. वर्गात ज्या आवाजाला मुले घाबरत, त्या आवाजात मी रामप्रसादरावांना विचारले की पोरीचे पाय का बांधता.

ते म्हणाले, “बाई, तुम्ही बहात्तरचा दुष्काळ पाह्यला, पन शहरात. आमच्या गावात वाण्याच्या दुकानात ज्वारी व्हती. पाटलाच्या वाड्यावर मागच्या दारानं जायची. माझी माय बानाबाई पुढच्या दाराशी दिवसभर बसायची. सांजच्याला तो म्हनायचा, संपली.”

मी समोरच्या खुर्चीवर टेकले.

“मंग सरकारनं मिलो आनला. परदेशातली लाल ज्वारी, जनावराला टाकायची. पन रांग लावली. माय पहाटं जाऊन उभी राह्यली. तिच्या मागं पाटलीणबाई. मेंढरामागं फिरनाऱ्या माझ्या बापाची, मुंजाबाची बायको पुढं, पाटलीण मागं, अन् दोघींच्या पदरात सारखाच मिलो. माय घरी आली, तिनं मिलोची गोष्ट नाय सांगितली. रांगंची सांगितली.”

प्रांजली माझ्या मागोमाग आली होती, ते मला तेव्हा दिसले. ती दारातच उभी होती.

“म्हंजे आबा,” ती म्हणाली, “तुम्हाला धपाटे मोजायचे नाहीत. तुम्हाला रांग पाहिजे.”

“रांग असली म्हंजे कुनावर अन्याव व्हत नाय.”

“मग लावू ना रांग.”

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवरून गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक पाटी फिरवली. रोज फक्त चाळीस. एका माणसाला चार. नंबर दुपारी चारला, घरासमोर, आबांच्या हातून. ओळखपाळख चालणार नाही.

माणसांचे मला एक कधी कळले नाही, आणि मी चौतीस वर्षे माणसेच शिकवली. श्रावणात ‘उद्या घेऊ’ म्हणणारे लोक चाळीसच आहेत म्हटल्यावर साडेतीनला येऊन उभे राहू लागले. सिडकोतून लोक आले. वाळूजच्या पाळीवरून सुटलेले डबा हातात घेऊनच आले. ज्याला मिळाले तो मिटक्या मारत सांगे, ज्याला मिळाले नाही तो त्याहून जास्त सांगे. मुक्ताबाई येऊन खाऊन गेल्या आणि म्हणाल्या, आता तीळ बरोबर आहेत. तीळ तितकेच होते.

रामप्रसादराव इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे राहत. जाड पुठ्ठ्याचे नंबर, धपाट्याला एक, त्यांनी स्वतः कापले होते. म्हाताऱ्यांना ते शिलकीवर बसवत. एकदा नगरसेवकाच्या घरून गाडी आली. पाहुणे आहेत, वीस द्या, असा निरोप घेऊन चालक उतरला. रामप्रसादरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाले, “रांगंत या. एका मान्साला चार.” त्याच्यापुढे धुणीभांडी करणाऱ्या संध्याबाई होत्या. चालक मागे उभा राहिला. त्या क्षणी रामप्रसादरावांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी त्यांच्या सेवानिवृत्तीच्या सत्कारातही पाहिले नव्हते.

नवरात्रात त्यांनी स्वतःहून क्षमतावाढीचा विषय काढला. साठ करायला हरकत नाही, असे त्यांचे मत झाले होते. प्रांजली घाबरून म्हणाली, “नको आबा, रांग मोडेल.” शेवटी अभ्यासांती बावन्न मंजूर झाले. देशाने जे नाइलाजाने केले होते ते ही पोरगी समजून-उमजून करत होती, आणि आबांना वाटत होते की अखेर जग त्यांच्या धोरणाकडे परत आले. दोघेही सुखी होते. मी मध्ये पडले नाही.

दिवाळीच्या आधी रामेश्वरने एक रविवार फाटकात उभे राहून काढला. रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली पाहिली. मग आत जाऊन पुण्याला फोन केला आणि मावसभावाला सांगितले की पोरगी येत नाही. बाहेर येऊन म्हणाला, “आबा, आपल्याला घरी खायला चार मिळतील का?” आबांनी त्याला नंबर दिला. त्रेपन्नावा.

भाऊबीजेला माझा भाऊ येणार होता. त्याला धपाटे आवडतात, म्हणून मी चार वाजून पाच मिनिटांनी गेले. शेजार चाळीस वर्षांचा, मुलाला आणि नातीला अक्षरे माझ्याच हाताखाली आलेली. रामप्रसादरावांनी हातातले नंबर पाहिले आणि हात जोडले. “संपले, बाई. उद्या या.”

मी शिलकीवर जरा बसले. तेवढ्यात शीलाने बोळातून डोके काढून मला खूण केली. मी घराला वळसा घालून गेले. मागच्या दाराशी ती धपाट्यांची टोपली घेऊन बसली होती.

“बावन्नाचं पीठ मळताना थोडं जास्तच मळल्या जातं,” ती म्हणाली.

मी हळू आवाजात विचारले, मामंजींना ठाऊक आहे का.

“त्यांना ठाऊक नसल व्हय? पीठ तेच मोजून देतात.” तिने पदर सारखा केला. “फक्त म्हनले, मागच्या दारालाबी रांग लावत जा.”

मी पाहिले. तिच्यासमोर खरोखरच दोन माणसे उभी होती. पहिल्या संध्याबाई. दुसरा नगरसेवकाचा चालक. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.