गाडीचा आवाज आणि माझा

कुठल्या तोंडानं सांगू? पण तोंडानंच घात केलाय, तेव्हा त्याच तोंडानं सांगते. चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी हसू येईलच असं नाही.

माझा आवाज तुम्हाला माहीत आहेच. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी भाजीवाल्याला हाक मारली की पार रंकाळा तलावावरचा भेळवाला 'आलो, आलो' म्हणतो. माहेर शेतकऱ्याचं. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, ती माझ्याबरोबर सासरी आली.

तर झालं काय, पुण्याच्या लेकानं आम्हाला इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. आमच्या ह्यांना गाडी येत नाही, मीच चालवते. गाडी एकदम झकास! खोड एकच. हळू चालवली की 'ऊंऽऽ' करायची. बॉनेटखाली दाढ दुखणारं कुणीतरी बसवलंय की काय, असं वाटायचं. मी तडक शोरूम गाठली.

"काकू, बिघाड न्हाय त्यो," तिथला माणूस म्हणाला. "ह्या गाडीला इंजनाचा आवाज न्हाय. म्हणून फुडं भोंगा बसवलाय. चालणाऱ्या माणसाला कळाय नको, गाडी आलीया म्हणून?"

"मी आत बसल्यावर आणि निराळा भोंगा कशाला रे?"

तो हसला, पण भोंगा काढून द्यायला तयार होईना. नियम आहे म्हणाला. मी काय ऐकणार? उद्यमनगरात एका वायरमनला गाठलं. तोही नको नको म्हणत होता. मी आवाज चढवला, तशी बिचाऱ्यानं मुकाट्यानं वायर उपसली. ऊंऊं बंद! गाडी मागं घेताना व्हायची ती टूंटूंही बंद!

"अगं, कुणाला तरी धडक बसंल," हे म्हणाले.

"तुम्ही गप बसा हो," मी म्हटलं. ते बसले. सवय आहे त्यांना.

मग धडक बसली का कुणाला? छे! झालं भलतंच. मला ऐकू यायला लागलं!

म्हणजे बघा, एरवी मी गल्लीत शिरायच्या आधी माझा आवाज शिरायचा. माणसं सावध व्हायची. आता काच खाली करून मी मांजरीच्या पावलानं यायची, आणि लोकांचं बोलणं तसंच चालू! कुणाची सून काय म्हणाली, कुणाच्या लग्नात कुणाचा मान राहिला, सगळं फुकटात. तेव्हा मला कळलं, गाडीचा आवाज काय नुसता बाजूला सरकायला लागतो? माणसाला विषय बदलायलाही वेळ मिळायला नको?

एकदा शेजारच्या मालनची लेक, रूपाली, भिंतीआड फोनवर रडताना ऐकली. "मी गारगोटीला परत जाणार न्हाय. काय ठरंपर्यंत कुणाला सांगू नको, आई म्हणालीया." गारगोटी तिचं सासर. आणि मालन तर गल्लीभर सांगत होती, पोरगी सुट्टीला आलीय म्हणून. मला फार वाईट वाटलं. कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. माझ्या पोटात एक गोष्ट राहिली, याचंच मला कोण कौतुक!

मालन माझी लग्न होऊन आल्यापासूनची शेजारीण. वर्षाची चटणी आम्ही मिळून करतो. मिरच्या तिच्या उंबऱ्यावर निवडायच्या, मसाला माझ्या घरी भाजायचा, आणि कांडपाला दोघींनी जायचं. पोरं मोठी झाली, पण हे कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी मी गल्लीत शिरले, तर मालन आणि समोरच्या आक्का रस्त्याकडे पाठ करून मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या. इथं एक सांगायला हवं. आमच्या कोल्हापुरात बाई स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' म्हणते, आणि जवळच्या बाईला मायेनं 'ते' म्हणते. 'सुनंदा आलं, सुनंदा जेवलं.' सुनंदा म्हणजे मी.

"लई आवाज कराय लागलंय गं आक्का," मालन सांगत होती. "सकाळी सुरू झालं की दुपारपर्यंत थांबत न्हाय. गल्लीभर ऐकू जातंय."

"वय झालं की त्याचं," आक्का म्हणाल्या.

"आन काम? नुसतं गरगर फिरतंय."

"वजन बी काय थोडं हाय व्हय! काढून टाक की एकदाचं."

"मी बी त्योच इचार करालोय."

अंगाचा तिळपापड झाला हो माझ्या! आवाज, वय, वजन, काही म्हणजे काही सोडलं नाही. खाली उतरून जाब विचारावा, तर चोरून ऐकलं हे कबूल करावं लागणार. जशी आले तशी गाडी मागं घेतली. टूंटूं नाहीच. दोघींनी मानही वळवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गप्प.

"सुनंदा, मसाला कवा भाजायचा गं?" मालननं भिंतीवरून विचारलं. मी ह्यांना पुढं केलं. "तिचं डोकं दुखतंय," हे म्हणाले. मग कंबर दुखायला लागली, मग गुडघे. शेवटी ह्यांना अवयव पुरेनात. "आज काय दुखतंय ते तूच सांग बाई," म्हणाले.

मी विकतची चटणी आणली. विकतची! आमच्या घरात!

गल्लीत बातमी पसरली, सुनंदाचा आवाज बसलाय. मालननं आल्याचा काढा करून पाठवला. मी तो मोरीत ओतला. आज आठवलं की लाज वाटते.

मग ती स्वतः बोलवायला आली. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू हाय उद्या. गळा दुखत असंल तर बोलू नको, नुसतं यिऊन बस."

बोलू नको! म्हणजे बघा!

गेले. अंगण बायकांनी भरलेलं. रूपाली पन्हं देत फिरत होती. मालन हसून सगळ्यांना म्हणाली, "आमचं सुनंदा आलं बघा. आज किती शांत हाय, न्हाय?"

बायका हसल्या, आणि माझा बांध फुटला.

"शांत बसू नको तर काय करू? आवाज करणारी बाई नको झालीया न्हवं तुला? मला काढून टाकायच्या आदी, तुझ्या पोरीला सासरनं का काढलंय त्ये सांग की समद्यास्नी! म्हणं सुट्टीला आलीया!"

माझा आवाज तो. मागच्या गल्लीतही गेला असणार. आणि खोटंही बोलले मी. तिला कुणी काढलं नव्हतं, तीच सोडून आली होती. रूपालीनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली.

आधी उमगलं ते आक्कांना. "काढून टाकायचं? अगं बये, त्ये!" त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं कपडे धुण्याचं जुनं मशीन होतं. चालू असताना सरकत जाऊ नये म्हणून दोरीनं खांबाला बांधलेलं. "त्याचं बोलत हुतो आमी! आन मालन म्हणाली, नवं घ्यायला सुनंदालाच न्यायाचं. तिच्या आवाजाफुडं दुकानदार टिकत न्हाय."

एवढं वाक्य माझ्या कानावर कुठलं यायला? तोवर मी गाडी मागं घेतली होती ना!

मालननं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हळू आवाजात एवढंच विचारलं, "रूपालीचं तुला कुणी सांगितलं?"

काय सांगणार? माझी गाडी वाजत नाही म्हणून? तेव्हा मात्र माझा आवाज खरंच बसला.

मालन गारगोटीच्या माणसांशी गुपचूप बोलून पोरीचं काहीतरी सुरळीत करू बघत होती. आता गल्लीतली प्रत्येक बाई तिला सल्ला द्यायला जाते. रूपाली बाहेर पडत नाही. त्या पोरीनं माझं काय बिघडवलं होतं हो? माफी मागायला मी कितीदा गेले. दार वाजवलं की आतून मालनच सांगते, "मालन घरात न्हाय."

भोंगा परत बसवून घेतला. "काकू, धडक बसली काय कुणाला?" वायरमननं विचारलं. "व्हय," मी म्हटलं.

संध्याकाळी मालन उंबऱ्यावर भाजी निवडत असते, एकटीच. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ऊंऊं सुरू होते. ती मान वर करून बघतसुद्धा नाही. सूप उचलते, आत जाते आणि कडी लावून घेते. भोंग्याचं काम चोख आहे, त्यात काही खोट नाही. धोका येतोय हे तिला लांबूनच कळतं. मी आपली समजत होते, तो भोंगा गाडीसाठी आहे.