माल्टाला जाण्याआधीचं पोहणं

माल्टाला जायचं ठरलं तेव्हा ते एक बेट आहे, एवढंच मला माहीत होतं. नवरा दोहात वर्ल्ड कपसाठी चाललेल्या रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होता आणि ईदच्या कितीतरी सुट्ट्या त्याने साइटवरच काढल्या होत्या. त्या वर्षी त्याचा एक पूल वेळेत पुरा झाला आणि साहेबांनी खुशीत रजा दिली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. बेत तिनेच आखला.

अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एकेक फोटो दाखवायला लागली. बोटीने निळ्याशार खाडीत जायचं, तिथे पोहायचं. मग तोंडात नळी धरून स्नॉर्केलिंग. मग कयाक. कड्याखालच्या गुहेत पोहतच शिरायचं. नवरा खुशीत मान हलवत होता. तो कोकणातला, विहिरीत पोहायला शिकलेला.

मी विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"आई, यू कॅन वॉच द बॅग्ज," ती सहज म्हणाली.

मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतूनच यायचं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी लातूरकडची. आमच्याकडे टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, आणि भाजी धुतलेलं पाणी पुन्हा झाडाला घालायचं. पाण्यात नुसतं मजेसाठी उतरायचं, हे आमच्या घरात कुणी केलेलंच नव्हतं. तरीही ते बॅगांचं मला लागलं. सबंध सुट्टीत टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसलेली मी, डोळ्यांसमोरून जाईना.

आमच्या बिल्डिंगला एक छोटा स्विमिंग पूल होता. सकाळी सगळे कामावर गेले की तिथे कुणी नसायचं. पहिल्या दिवशी मी लेगिंग्ज आणि नवऱ्याचा टी-शर्ट घालून उतरले. टी-शर्टात हवा भरली आणि तो माझ्याभोवती तंबूसारखा फुगून वर आला. मी तो दाबत होते तेवढ्यात पूलवाला धावत आला. "मॅडम, कॉटन नॉट अलाउड! प्लीज बाहर आइए!" वरच्या दोन बाल्कन्यांतून लोक वाकून बघायला लागले. ओले कपडे अंगाला चिकटलेले, तशीच लिफ्टने वर आले. लिफ्टमध्ये तळं साचलं ते वेगळंच.

ज्या बाल्कन्यांतून लोक वाकले होते त्यांतली एक होती वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईची. संध्याकाळी ती दारात उभी. मला वाटलं, लिफ्टमधल्या पाण्याची तक्रार घेऊन आली. ती म्हणाली, "तुला पोहायचंय? मी शिकवते. आधी कपडे नीट घे." तिनेच मला मॉलमधल्या दुकानात नेलं आणि इकडच्या बायका वापरतात तो मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घ्यायला लावला, वर घट्ट टोपी. आरशात मी ओळखूच येत नव्हते. मला तेच बरं वाटलं.

घरात मी कुणाला सांगितलं नाही. मुलगी शाळेतून यायच्या आत मी केस वाळवून बसायची. लहान मुलांचा फोमचा बोर्ड छातीशी धरून पाय मारायला शिकले. बोर्डावर बदकाचं चित्र होतं.

मग रमजान सुरू झाला. रोजा असल्यामुळे इजिप्शियन बाई पाण्यात उतरेना, काठावर खुर्ची टाकून बसायची आणि ओरडायची, "यल्ला, कम ऑन, लेग, लेग!" रमजानात शाळा लवकर सुटतात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र वेळेकडे लक्ष राहिलं नाही.

मी मधोमध होते. नाकात पाणी गेलं आणि बोर्डाला मिठी मारून मी खोकायला लागले. डोळे पुसून बघते तर फाटकापाशी तिघी मुली, पाठीवर दप्तरं. मधली माझी.

एक मैत्रीण हसून म्हणाली, "ओ माय गॉड, हू इज दॅट?"

माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली.

"नो आयडिया," ती म्हणाली. "सम आंटी."

आणि तिघी मैत्रिणीच्या घरी, पलीकडच्या जिन्याने निघून गेल्या.

काठावरच्या बाईला ती माझी मुलगी आहे हे ठाऊक होतं. मी पायऱ्या चढून वर आले, टॉवेल गुंडाळला आणि घरी गेले. राग यायला हवा होता, तो आलाच नाही. टोपीत कोंबलेले केस, पुढे आलेलं पोट, ते बदक, सगळं मला तिच्या डोळ्यांनी दिसत होतं. तिच्या जागी असते तर मलाही ही बाई आपली म्हणायची लाज वाटली असती, हे मनात आलं आणि मग मात्र रडू आलं.

रात्री जेवताना ती मान वर करत नव्हती. मी तिला आणखी एक पोळी वाढली. नवरा त्याच्या पुलाविषयी बोलत राहिला.

त्यानंतर मी खाली जाणं सोडलं. चार-पाच दिवसांनी इजिप्शियन बाई पुन्हा दारात.

"खलास?" तिने विचारलं.

"खलास," मी म्हणाले. "माझ्या मुलीला माझी लाज वाटते."

ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझा मुलगा मला त्याच्या शाळेत तोंड उघडू देत नाही. माझं इंग्रजी ऐकून मान खाली घालतो. म्हणून काय मी मुकी होऊ? टॉवेल घे."

मी टॉवेल घेतला. ईदपर्यंत मला बोर्डाशिवाय तरंगता यायला लागलं, पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता यायला लागलं. मुलगी पूलकडे फिरकली नाही.

माल्टात पहिल्या सकाळी बेकरीत बाई पावाला ‘होब्झ’ म्हणाली. आमच्या दोहातल्या ‘खुब्ज’चा तो भाऊच. नवऱ्याने पाव घेतला आणि सवयीने अरबीतच ‘शुक्रन’ म्हणत आभार मानून मोकळा झाला. मुलगी "बाबा!" म्हणून दूर सरकली. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बोट. खाडीचं पाणी फोटोतल्यासारखंच होतं. मी शिडीवरून उतरले. दोहातला पूल कोमट, इथलं पाणी बर्फासारखं. पायाखाली काही लागेना. हात शिडीवरून सुटेनात. वर माणसं उतरायला खोळंबली होती, कुणीतरी हसत होतं. मी कसेबसे हात सोडले आणि लगेच नाकातोंडात खारं पाणी गेलं.

"आई! पाय हलव! आई, पाय हलव ना!"

मुलगी स्नॉर्कल फेकून माझ्याकडे येत होती आणि भर खाडीत मराठीत ओरडत होती. मी पाय हलवले. तिने माझ्या दंडाला धरलं. "मी आहे. श्वास घे. आता उताणी हो." मी उताणी झाले. कानांत पाणी शिरलं, आवाज बंद झाले. शिडीपासून फार लांब गेले नाही, पण माझी मी तरंगत होते. गुहेत ती आणि तिचे बाबाच गेले. मी बोटीत टॉवेल पांघरून कुडकुडत बसले, शेजारी बॅगा.

संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर बसून आम्ही दोघी आइस्क्रीम खात होतो. ती म्हणाली, "आई, त्या दिवशी पूलवर मी..." आणि तिला पुढचा शब्द सापडेना, ना मराठी, ना इंग्रजी. तिचे कान लाल झाले. एवढे दिवस मी माझीच लाज घेऊन बसले होते. ती रोज माझ्यासमोर कशी जेवत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हणाले.

"आय नो." मग हळूच, "मला माहीत आहे."

आइस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळत होतं. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, आणि बराच वेळ नुसताच हातात धरून बसली.