जाळीपाशी घुटमळणारा निळा मासा

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या नारिंगी मासोळीचे पर कुणीतरी कुरतडले. टाकीत दुसरा मासा एकच, निळा. म्हणजे गुन्हेगार शोधायलाच नको. मी तिला टाकीतच टांगलेल्या जाळीच्या डब्यात वेगळं ठेवलं आणि चिमूट चिमूट खाणं स्वतःच्या हाताने देऊ लागलो. निळा मात्र दिवसभर त्या जाळीपाशी घुटमळतो. इतका निरागस चेहरा मला कुणाचाच खरा वाटत नाही.

"अहो, आले की तिचे पर. सोडा आता तिला," बायको म्हणाली.

"आणि त्याने पुन्हा चावलं तर?"

"चावताना पाहिलंय का तुम्ही त्याला?"

पाहिलं नव्हतं. पण संशयाला पुरावा लागतो कुठे? जिन्यात कुणी जरा जास्त गोड हसलं, तरी मी परत वर जाऊन दाराचं कुलूप ओढून बघतो.

शेवटी बायकोच्या आग्रहाखातर डब्याचं झाकण काढलं आणि आत हात घातला. मासोळी दचकली. नव्या परांनी झटक्यात मागे सरकली, माझ्या बोटांवरची नजर न काढता, आणि जाळीला जाऊन चिकटली.

जाळीपलीकडे निळा होता.