काळीज आणि बांधावरचा लिंब

नातीनं पाठच धरली म्हणून सांगून राह्यलो. पोट माझं फाडलं अन् हसायचं तुम्ही. आजाऱ्याला भेटायला येणारा एकेक माणूस एकेक किस्सा ठिवून जातो, त्याला मी काय करू?

उजव्या बरगडीखाली, काळजात, म्हंजी लिव्हरमधी, गाठ निघाली. जालन्याचा डॉक्टर म्हणला, "नारळाएवढी हाय." आमच्या गावात, तीर्थपुरीत, बातमी येईस्तोवर तिचं टरबूज झालं. येईल तो दाबून बघू लागला. मंग मी बांधावरच्या लिंबाखाली काठी घेऊनच बसलो. माझ्या बापानं लावलेला लिंब. तिथंबी एकजण दाबून म्हणला, "कडक हाय बरं का."

म्हणलं, "काठी त्याहून कडक हाय."

*

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बाबा, निम्म्याहून जास्त काळीज काढावं लागेल. उरलेलं पुरणार नाही. म्हणून आधी गाठीकडच्या बाजूचं रक्त बंद करू, म्हणजे चांगली बाजू वाढेल. मग कापू."

मी इतकंच म्हणलं, "परत माझ्या लिंबाखाली बसता आलं पाह्यजे."

तिकडचं रक्त बंद केलं अन् वाढ होईस्तोवर घरी धाडलं. आख्खं गाव विचारी, "उगवण कशी हाय?" जशी पोटात सरकी पेरली व्हती.

माझ्या साडूचं, सुखदेवाचं, मटणाचं दुकान हाय. काळीज खाल्लं की काळीज वाढतं म्हणून त्यानं रोज बोकडाची कलेजी धाडली. मला कलेजी बिलकुल चालत न्हाई. सगळी कुत्र्यानं खाल्ली. तपासणीत काळीज बराबर वाढलेलं निघालं, तर सुखदेव छाती फुगवून म्हणतो, "कलेजीचा गुण!"

*

ऑपरेशनच्या आधी बाईंनी समजावलं, "एरवी काळीज मागून सुटं करून उलटवतो, मग कापतो. ही गाठ फार मोठी आहे. हलवली तर फुटेल. म्हणून न हलवता समोरूनच कापत जायचं."

सुखदेव मधीच बोलला, "मॅडम, आधी उलटवाच. आमच्याकडं एका झटक्यात बाहेर येतं."

बाई म्हणल्या, "तुमचं बोकड नंतर चालत घरी जातं का?"

*

काढलेला भाग नातेवाईकाला दाखवायची दवाखान्यात पद्धत हाय. बायकोला धीर झाला न्हाई, मंग सुखदेव गेला. ट्रेमधी तेवढं थोरलं काळीज पाह्यलं अन् कोणाला काही न इचारता जिन्यातून गावाला फोन लावला.

"साडू गेले. काळीज बाहेर ठिवलंय, डोळ्यानं पाह्यलं. मला धंद्यातलं कळतं. सरणाला त्यांच्याच बांधावरचा लिंब घ्या, जल्दी करा."

मी चालत घरी आलो. बांधावर नुसता बुडखा. सुखदेवाला तिथंच बोलावलं. त्यानं बुडख्यावर हात फिरवला.

"लई मोठा व्हता, साडूभाऊ. मी पोरांना फोनवर बजावलं, हलवू नका, समोरूनच कापा. बघा, कसा साफ कापलाय. अन् तोंड कशाला पाडता? तुमचं वाढलं तसा हाबी वाढल."

काठी हातातच व्हती. मला माफी मागायची अजून बाकी हाय. सुखदेवाची.