फ्रान्सचा वाकडा पाव

मी सहा महिने फ्रान्सला राहून आलो, ही गोष्ट माहीत नसलेलं आमच्या कॉलनीत एकच घर होतं, आणि ते रिकामं होतं.

कंपनीने मला तिकडे पाठवलं ते भट्टीचं काम शिकायला. (लोखंडाचे भाग तापवून कडक करायची भट्टी. पावाची नव्हे. हा फरक मी वेळीच लक्षात ठेवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं!) सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला कंपनीचे क्वार्टर होते, तिथे मी आणि बायको सुलभा राहायचो. परत आल्यावर मी रोज सकाळी पोह्यांच्या बशीकडे बघून एक उसासा टाकायचो.

"तिकडे सकाळी क्र्वासाँ असायचा. चंद्रकोरीच्या आकाराचा. हाताला लागला की पापुद्रे नुसते गळून पडायचे."

"पोह्यांवर लिंबू पिळू का?" सुलभा विचारायची. वर्षभर तिचं उत्तर हेच होतं.

माझं कौतुक खऱ्या अर्थाने कुणाला असेल, तर ते आमच्या आबांना. आबा पुनावळ्याला शेती बघायचे. मी निघालो तेव्हा गावच्या पारावर सरपंच तात्या म्हणाले होते, "आबा, पोरगं गेलं तुझं हातचं. परत यील, पन सायेब हून यील. आपलं ऱ्हाणार न्हाई." आबांना ते फार लागलं होतं. मी परत आल्यापासून ते तात्यांना खोटं पाडायची संधी शोधत होते. ती त्यांना दिवाळीच्या तोंडावर सापडली.

"दत्तू," आबा क्वार्टरवर येऊन म्हणाले, "बिस्तरवारी तात्याला नि दोघा-तिघांना घिऊन येतो. तुझा त्यो वाकडा पाव करून घाल त्यास्नी. सोताच्या हातानं! सायेब झालेलं पोरगं गावच्या मानसांना हातानं करून घालतं व्हय, म्हनावं?"

"आबा, ते जरा अवघड असतं..."

"सा म्हैनं खाल्लास की रोज!"

सुलभा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी तेव्हा काळजी समजलो.

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे शेजारचा कांबळे पहाटेच मदतीला हजर झाला. कांबळे कंपनीतल्या आमच्याच शॉपमधला. हा पाव मैद्याचे त्रिकोण गुंडाळून करतात, म्हणून त्याने येताना पत्र्याचं त्रिकोणी टेम्पलेट कापून आणलं होतं.

"राव, सगळे त्रिकोण एका मापाचे निघाले पाहिजेत. जॉब म्हणजे जॉब!"

खमीर आदल्या दिवशीच इस्माईलभाईंच्या बेकरीतून आणलं होतं. इस्माईलभाईंनी पुडी बांधताना बजावलं होतं, "साहेब, एवढ्या मैद्याला यातला तिसरा हिस्सा बस झाला." पण आमच्या शॉपमध्ये एक नियम आहे. एक टन उचलायचं असेल, तर साखळी तीन टनांची घ्यायची. याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात. मी पुडी पुरी ओतली.

"अहो, सगळंच?" सुलभाने विचारलं.

"सेफ्टी," मी म्हणालो. कांबळेने मान डोलावली.

मग आलं लोणी. लाटलेल्या मैद्यावर गार लोणी पसरायचं, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी. लोणी वितळता कामा नये. ऑक्टोबरच्या उन्हाने ओटा सकाळी आठलाच तापलेला. फ्रीज अख्ख्या कॉलनीत नव्हता. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली आणि तिच्यावर कडाप्प्याची फरशी ठेवून लाटायला बसलो. पहिली घडी झकास बसली. दुसऱ्या घडीला लादी वितळून एका बाजूला कलली आणि फरशी, मैदा, लाटणं असे सगळे मिळून मोरीच्या दिशेने निघाले! कांबळेने पाय आडवा घातला म्हणून वाचलो. लोणी मात्र मोरीपर्यंत गेलंच.

सुलभा चहाचा कप हातात धरून बघत होती. "चिरोट्यासारखंच आहे की हे. साटा लावून बघा. तांदळाचं पीठ आणि तूप फेटून लावलं, तर वाहून जाणार नाही."

"चिरोटा कुठे आणि क्र्वासाँ कुठे!" मी म्हणालो. (उरलेल्या घड्यांना मी साटाच लावला. ती आत गेल्यावर.)

आता आत भरायचं काय? खरं तर तिकडे बहुतेक वेळा आत काहीच नसतं. पण हे मी बोललो आणि कांबळेची बायको, रमावहिनी, दारातूनच म्हणाली, "नुसताच पाव? पाहुण्यांना?" तिने सुकटाची चटणी आणून ठेवली. सुलभाने करंजीसाठी केलेलं ओल्या नारळाचं सारण काढलं. मी तिकडे बघितल्याप्रमाणे बदाम कुटून घेतले. आणि तात्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही, म्हणून एका ओळीत हिरव्या मिरचीचा ठेचा. कुठल्या पावात काय आहे ते कळावं म्हणून कांबळेने प्रत्येकावर सुईने खुणा केल्या: एक टोचा सारण, दोन टोचे बदाम, तीन ठेचा, चार सुकट. इन्स्पेक्शन पास झालं. तीन ट्रे भरले. इतके सुबक दिसत होते की मला क्षणभर खरंच वाटलं, जमलं आपल्याला.

आमच्याकडे दिवाळीत नानकटाई घरी मळून बेकरीत भाजून आणतात. त्या दिवशी इस्माईलभाईंच्या दारात अख्ख्या चिंचवडच्या बायका ट्रे घेऊन रांगेत होत्या. मी सायकलच्या कॅरियरला ट्रे बांधून पोचलो आणि शेवटी उभा राहिलो. ऊन डोक्यावर. ट्रेवर ओलं फडकं. पुढच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं फडकं हलतंय."

"वारा आहे," मी म्हणालो. वारा अजिबात नव्हता.

थोड्या वेळाने त्या पुन्हा वळल्या. "भाऊ, आत काही जिवंत आहे का?"

मी फडकं उचललं. तिप्पट खमिराने काम सुरू केलं होतं. चंद्रकोरी फुगून पौर्णिमेला पोचल्या होत्या आणि एकमेकींना चिकटल्या होत्या. कांबळेचे टोचे कुठे गेले त्याचा पत्ता नव्हता. मी बोटाने दोघींना वेगळं करायला गेलो, तर तिसरी येऊन मिळाली! माझा नंबर येईपर्यंत प्रत्येक ट्रेमध्ये एकच गादी झाली होती.

इस्माईलभाईंनी ट्रे हातात घेतला आणि उजेडाकडे तिरका करून बघितला.

"साहेब, हे तर सगळे गळ्यात गळे घालून बसलेत. ईदला भेटल्यासारखे. आता तोडू नका. पाप लागंल."

भाजून आलं ते वरून तपकिरी, मधे बसकं, आणि एका कडेला ठेच्याचा हिरवा ओघळ. मी ट्रे बांधले आणि सायकल हातात धरून चालत घरी निघालो. चालत गेलं की उशीर होतो, आणि मला उशीरच हवा होता.

दाराशी बैलगाडी सोडलेली होती. आत तात्या, गावचे दोन म्हातारे आणि आबा सतरंजीवर बसले होते. आबांनी नवं धोतर नेसलं होतं.

सुलभाने त्या गादीच्या वड्या कापल्या आणि बश्या भरल्या. तात्यांनी वडी उलटीपालटी करून बघितली.

"आबा, ह्यो वाकडा कुठं हाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तिकडे आता असाच करतात. सरळ."

"रोज खायचास?" तात्यांनी विचारलं.

"रोज."

तात्यांनी घास घेतला. आधी नारळ लागला असावा, कारण चेहरा निवळला. मग सुकट लागली. चेहरा थांबला. मग ठेचा. मग ते बराच वेळ चावत राहिले.

"दत्तू," ते अखेर हळू आवाजात म्हणाले, "मधी कच्चा हाय रं ह्यो."

आबांनी हातातली वडी बशीत ठेवली आणि धोतराच्या काठाकडे बघत बसले. मला त्या क्षणी मोरीत वाहून गेलेल्या लोण्याचा हेवा वाटला.

तेवढ्यात सुलभा उठली आणि आतून एक पत्र्याचा डबा आणि एक लहान तवा घेऊन आली.

"आबा, रागावू नका. ह्यांना हे येणार कसं? ह्यांनी तिकडे हे खाल्लंच नाही."

"सुलभा!" मी म्हणालो.

"जाताना ह्या डब्यातून चार किलो थालीपिठाची भाजणी नेली होती. डबा परत आला तो चाटूनपुसून. आणि हा तवा मी नवा दिला होता. आता बघा, माझ्या आजीच्या लग्नातला वाटतोय. वर्षभर ऐकतेय मी क्र्वासाँ, क्र्वासाँ!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं?

"एकदा खाल्ला," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी. तोंडात नुसता भुगा झाला आणि पोटाला काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इतकी घरची आठवण आली, की खोलीतल्या शेगडीवर थालीपीठ लावलं. घरमालकीण धावत आली, तिने भर थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या. मग डबा पुरवून पुरवून रोज लिंबाएवढ्या गोळ्याचं लावत गेलो. क्र्वासाँ मी कामावर जाताना दुकानाच्या काचेतून बघायचो."

आबांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला आणि सुलभाने पाणी दिलं. डोळे धोतराच्या काठाने पुसत ते तात्यांकडे वळले.

"ऐकलंस का तात्या? इमानात बसून फ्रान्सला गेलं, नि सा म्हैनं सुनंच्या हातची भाजणी खाऊन आलं! म्हनं आपलं ऱ्हाणार न्हाई!"

"व्हय रं आबा," तात्या म्हणाले. "हारलो मी. पोरगं हाय तसंच हाय. शिकून बी काय आल्यालं न्हाई." मग त्यांनी सुलभाकडे बघितलं. "पोरी, त्यातली भाजणी ऱ्हायलीय का जराशी?"

नवी भाजणी होतीच. थालीपिठं झाली, लोण्याचा जो गोळा मोरीत जाता जाता वाचला होता तो त्यावर पडला, आणि संध्याकाळ होईपर्यंत बैठक उठली नाही. जाताना तात्यांनी उरलेल्या वड्या फडक्यात बांधून नेल्या. बैलाने त्या आवडीने खाल्ल्या, असा निरोप आला. सुकटाच्यासुद्धा.

त्यानंतर माझा उसासा बंद झाला आणि पोह्यांवर लिंबू न विचारता पडू लागलं. दुसऱ्या वर्षी फ्रान्सला जायला कांबळेची निवड झाली. शॉपमध्ये सगळ्यांनी त्याला सांगितलं, आधी दत्तोबांचा सल्ला घे, ते अनुभवी आहेत. संध्याकाळी तो वही-पेन्सिल घेऊन घरी आला. मीही नीट चष्मा लावून बसलो.

"राव, तुम्ही राहून आलात. तिकडच्या खाण्यापिण्याबद्दल काय ते सविस्तर सांगा."

मी सुलभाकडे बघितलं. ती भाजणीचं धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"लिही," मी म्हणालो. "चार किलो पुरत नाही. बारा ने. सेफ्टी."