उल्काचे नऊ तास

टांझानियातल्या करातू गावापासून सेरेंगेटीच्या उत्तर टोकापर्यंत गाडीनं किती वेळ लागतो, यावर अमेरिकेतल्या हर्नडनच्या एका दिवाणखान्यात सहा माणसं रविवारची अख्खी सकाळ वाद घालत होती. सगळी निवृत्त, सत्तरीच्या अलीकडची-पलीकडची. घर डॉक्टर गिरीश दिघेचं. चाळीस वर्षं भूल देण्याचं काम केल्यावर त्याला आता आफ्रिकेत जाऊन नदी ओलांडणारे प्राण्यांचे कळप बघायचे होते, आणि ते फक्त उत्तरेकडेच दिसतात असं त्यानं वाचलं होतं.

"सहा तास वीस मिनिटं," गिरीश फोन पुढे करत म्हणाला. "आत्ता चेक केलंय."

"नऊ," उल्का म्हणाली.

"नऊ कुठून आणलेस?"

"तिथल्या ड्रायव्हरला विचारलं."

तिनं 'किती वेळ लागतो' असं विचारलंच नव्हतं. असं विचारलं की माणूस चांगल्या दिवसाचं उत्तर देतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं होतं, "मागच्या तीन खेपांना तुम्ही किती वाजता निघालात आणि किती वाजता पोचलात?" एलिबारिकी नावाच्या त्या ड्रायव्हरनं जरा आठवून सांगितलं होतं: एकदा आठ तास, एकदा नऊ, आणि एकदा टायर फुटला तेव्हा साडेदहा. पार्कात पन्नासच्या वर गाडी नेता येत नाही, रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा, आणि अंधारायच्या आत कॅम्पवर पोचायलाच हवं.

हे विचारणं उल्का टिपणीस नोकरीत शिकली होती. एकोणीस वर्षं तिनं एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, व्हॅनसेवेत फेऱ्या आखल्या. चाकाच्या खुर्चीतली, डायलिसिसला जाणारी, काठी टेकत चालणारी माणसं घरून उचलायची आणि वेळेत पोचवायची. पहिल्याच महिन्यात तिला कळलं की दोन घरांमधलं अंतर चौदा मिनिटांचं असलं, तरी एका आजींना किल्ली सापडायला सहा मिनिटं लागतात आणि एक आजोबा तीनदा परत जाऊन गॅस बंद आहे का ते बघतात. रस्त्याला किती लागतील हे नकाशा सांगतो. माणसाला किती लागतील हे तिला सांगावं लागे. रोज नव्यानं, नव्या साहेबाला.

आता त्याच भांडणासाठी तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"आणि हे दर दोन तासांनी चाळीस मिनिटांचे थांबे कशाला?" गिरीशनं तिचा कागद उचलला. "आपण काय शाळेची सहल आहोत?"

प्रसाद हसला. त्याच्या शेजारी त्याची बायको रेखाही हसली. गिरीशची बायको शोभा चहाचे कप गोळा करत होती. उल्कानं नवऱ्याकडे पाहिलं. नंदूनं उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

"काढून टाक थांबे," नंदू म्हणाला. "सहा तास तर सहा तास. बसूनच तर जायचंय."

उल्कानं कागद परत घेतला आणि थांबे खोडले.

घरी जाताना गाडी उल्काच चालवत होती. नंदूनं गेल्या वर्षी ड्रायव्हिंग सोडलं होतं. मोतीबिंदू आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं.

"तू त्यांच्या बाजूनं बोललास," ती म्हणाली.

"गप्प बसलो असतो तर त्यांना कळलं असतं."

"कळू दे की. तीन वर्षं झाली, नंदू."

"तू शब्द दिलायस."

दिला होता. कंपवाताचं निदान झालं त्या दिवशी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. मुलगी अनया सोडून कुणाला सांगायचं नाही. अनया सनीव्हेलहून फोनवर एकच सांगे, "आई, जस्ट टेल देम." तिचं बरोबर होतं. पण शब्द अनयानं दिला नव्हता.

तेव्हापासून उल्काचा दिवस गोळ्यांवर चालत होता. सात, अकरा, तीन, सात. गोळीआधीचा अर्धा तास वाईट, गोळीनंतरचा अर्धा तास वाट बघण्याचा, मधले तीन तास बरे. लग्न, नाटक, कुणाच्या घरचं जेवण, सगळं त्या तीन तासांत बसवायचं आणि कुणाला कळू न देता उठायचं. सफारीचे थांबेही तिनं तसेच बसवले होते. कागदावर तिनं लिहिलं होतं 'निसर्गदर्शन'.

ऑगस्टमध्ये ते गेले.

करातूहून सकाळी साडेसहाला निघायचं होतं. निघायला पावणेआठ झाले, कारण प्रसादचा चष्मा खोलीतच राहिला आणि मग रेखाची टोपी. गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर इतकं धुकं होतं की एलिबारिकी माणूस चालेल तशी गाडी चालवत होता. धुकं विरळ झालं तेव्हा गिरीशनं फोटोंसाठी गाडी थांबवली. दहा मिनिटं म्हणून उतरलेले सगळे पस्तीस मिनिटांनी परत आले. उल्का आत नंदूजवळ बसून होती. त्या पस्तीस मिनिटांत अकराची गोळी हाताशी काढून ठेवता आली असती, पण गोळ्यांची पिशवी मागे सामानाच्या तळाशी गेली होती, हे तिला अजून माहीत नव्हतं.

अकराला ते कळलं. गाडी तेव्हा उतारावर धाडधाड आदळत होती, खिडकीतून धूळ येत होती.

"थांबवते मी," ती हळूच म्हणाली.

"नको," नंदू म्हणाला. "आधीच उशीर झालाय. पुढे थांबेल तेव्हा घेऊ."

तिनं सीटची कड धरली. थांबवायला हवं होतं. तोंड उघडायचं, एक खोटं कारण सांगायचं, मग ते लक्षात ठेवायचं. एवढं करण्याची ताकद तिला त्या क्षणी सापडली नाही. पुढे अनेक महिने तिला याचंच वाईट वाटत राहिलं.

गोळी मिळाली साडेबाराला, लघवीसाठी गाडी थांबली तेव्हा. पावणेदोनला ते सेरेंगेटी पार्काच्या नाबी टेकडीवरच्या फाटकाशी पोचले. एलिबारिकी कागद घेऊन कचेरीत गेला. बाकीच्यांनी झाडाखालच्या बाकांवर डबे उघडले. निळ्या चकाकणाऱ्या साळुंक्या टेबलांवर येऊन चोची मारत होत्या. एलिबारिकी परतला आणि म्हणाला, "लगेच निघायला हवं. अजून पाच तास आहेत."

सगळे उठले. नंदू उठला, चार पावलं चालला आणि गाडीच्या दाराशी थांबला.

उशिरा घेतलेली गोळी अजून धड लागली नव्हती; पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. वरचं अंग पुढे झुकत होतं, पावलं जागची हलत नव्हती. मागून प्रसाद म्हणाला, "चल रे, गेट बंद करतील."

"हो हो," नंदू म्हणाला. आणि हलला नाही.

उल्का पुढे झाली. घरी करायची तसा तिनं आपला बूट त्याच्या पावलांपुढे आडवा ठेवला. "याच्यावरून पाय टाक. एक, दोन." काही वेळा आडवी रेघ दिसली की पाऊल सुटतं. आज सुटलं नाही. नंदूचा उजवा हात आता उघड्यावर थरथरत होता आणि सगळे बघत होते.

गिरीशनं घड्याळ बघितलं. मग घड्याळावरची नजर त्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षं," नंदू म्हणाला.

"शेवटची गोळी किती वाजता?"

"साडेबारा," उल्का म्हणाली. "अकराची होती."

गिरीशनं एलिबारिकीला गाडी बंद करायला सांगितली. नंदूला दोघांनी धरून बाकावर बसवलं. मग गिरीश उल्काकडे वळला. त्याचा आवाज चढला होता. "वेड लागलंय का तुम्हाला? मी डॉक्टर आहे! मला सांगायचं नाही?"

"तिला बोलू नकोस," नंदू म्हणाला. "मीच बंदी घातली होती."

"का?"

नंदू स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी सावकाश चालायला लागला असता."

शोभानं त्याच्यासमोर पाण्याची बाटली उघडून धरली.

त्या दिवशी ते उत्तरेला गेले नाहीत. एलिबारिकीनं फोन करून दीड तासावर, पार्काच्या मध्यावर, तंबूंची सोय केली. चारही रात्री तिथेच काढायच्या ठरल्या. नदी रद्द. प्रसाद दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला झाडावर बिबट्या दिसला, मग तो बोलायला लागला.

गिरीशच्या मात्र मनाला लागलं होतं. एका सकाळी तंबूबाहेर कॉफी घेताना तो उल्काला म्हणाला, "खोटं नाही सांगत. मला ती नदी बघायची होती. पुन्हा येणं होणार नाही माझं."

"मलाही वाईट वाटतं रे."

"मीटिंगमध्ये भांडायला हवं होतंस तू. तुझे नऊ तास बरोबर होते."

"नऊही पुरले नसते," उल्का म्हणाली. "आणि भांडू कशाच्या जोरावर? खरं कारण सोडून सगळं बोलायची परवानगी होती मला."

गिरीशनं उरलेली कॉफी गवतावर ओतली. मग म्हणाला, "आजची अकराची मी देतो. तू झोप."

"मला दिवसा झोप येत नाही."

ती तंबूत जाऊन पडली आणि तीन वाजता शोभानं हलवून उठवलं तेव्हा तिला आपण कुठे आहोत हेच कळेना.

हर्नडनला परतल्यावर ओळखीच्या सगळ्यांना कळलं आणि फारसं काही झालं नाही. दोन-तीन जणांनी आयुर्वेदिक औषधं सुचवली. एकानं नंदूशी मोठ्यानं, सावकाश बोलायला सुरुवात केली, जणू तो बहिरा झालाय. नंदू चिडला, मग सवय झाली. आजार होता तिथेच होता, थोडा पुढेच सरकला होता.

गिरीशनं मात्र एक केलं. दर मंगळवारी आणि गुरुवारी तो अडीचला त्यांच्या घरी येऊ लागला. तीनची गोळी तो द्यायचा, मग दोघं कॉलनीत चक्कर मारायचे, एक जण पाय ओढत आणि दुसरा राजकारणावर वाद घालत. "पाचपर्यंत तू घरात दिसायचं नाहीस," असं त्यानं उल्काला बजावलं होतं.

पहिल्या मंगळवारी ती बाहेर पडली आणि तिला कुठे जायचं ते सुचेना. तीन वर्षांत ती एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. दूध आणू म्हणून ती किराणा दुकानापर्यंत गेली, सावलीची जागा बघून गाडी लावली. आत जायला हवं, असं वाटलं. उठवेना. तिनं काचा बोटभर खाली केल्या, सीट मागे झुकवली आणि डोळे मिटले.

पावणेपाचला जाग आली. दूध न घेताच ती घरी आली. नंदूनं काळाच चहा केला होता, अर्धा बशीत सांडलेला. तिनं तो तसाच प्यायला.