वऱ्हाडातले समुद्री डाकू

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये कोपऱ्यात सरकी साचते, तसे ते साचतात. काम चालू असतं तोवर लक्ष जात नाही, अन् एक दिवस मागे वळून पाहावं तर हा एवढा ढीग! मी अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. पौराणिक, सामाजिक, रडकी, सगळी चित्रं चालवली. पण चार मित्र बसले की फर्माईश एकच, "ते समुद्री डाकूंचे सांग बे!"

पन्नास-साठच्या दशकांतली ही गोष्ट. रविवारी सकाळी अन् दुपारी आमच्याकडे इंग्रजी शो असायचे. अमरावतीला आठवडाभर चाललेलं चित्र पेट्यांत भरून आमच्याकडे यायचं. मालक भाऊसाहेब जहाजांच्या अन् तलवारींच्या चित्रांचे भारी शौकीन. पण पब्लिकला इंग्रजी कुठं कळतंय? म्हणून त्यांनी एका शाळेतले इंग्रजीचे सोनोने मास्तर गाठले. मास्तर पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसायचे अन् माईकवरून अख्खी गोष्ट वऱ्हाडीत सांगायचे!

*

पहिल्याच रविवारी पेंटरनं बोर्डावर लिहिलं, 'समुद्री डाकूंचा थरार'. हाउसफुल्ल! शो सुटल्यावर बाळापूरच्या एका पाहुण्यानं गेटकीपर नामदेवला धरलं.

"डाकू म्हणता अन् एक बी घोडा नाई? फसवता का आमाले?"

नामदेव शांतपणे म्हणाला, "भाऊ, घोडे पाण्यात बुडले. म्हणून तर जहाज घेतलं त्यायनं!"

पाहुण्यानं नामदेवचा हात सोडला. मग म्हणाला, "हां, मंग बरोबर हाये."

*

मास्तर मोठे सभ्य. त्यात बायकांची बाजू भरलेली. एकदा पडद्यावर डाकूंच्या सरदारानं गव्हर्नरच्या मुलीला जवळ घेतलं अन् चुंबनाचा सीन सुरू झाला. आता मास्तर काय सांगतात म्हणून मी केबिनच्या भोकातून पाहू लागलो.

मास्तरांनी घसा साफ केला. "आता हे दोघं लग्नाची बोलणी करून राहिले."

सीन काही संपेना. मास्तर म्हणाले, "बोलणी जरा लांबली हायेत."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "मास्तर, लय जवळून बोलून राहिले हो!"

अख्खी टॉकीज हसली. मास्तरांनी पाणी मागवलं.

*

उन्हाळ्यात मोठं वादळाचं चित्र लागलं. चारी बाजूंनी पाणीच पाणी. त्या वर्षी अकोल्यात नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं. पब्लिक जहाजाकडे कमी अन् लाटांकडे जास्त पाहायचं. इंटरवलमध्ये नांदगाव खंडेश्वरचे एक आबा मास्तरांजवळ आले.

"मास्तर, एवढं पाणी अन् एक वाफा बी नाई कुठं?"

"खारं हाये ते, आबा. पिकाले चालत नाई."

"प्यायले?"

"प्यायले बी नाई."

आबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. "मंग एवढं भरून कायले ठेवलं!"

*

आता माझी स्वतःची चूक सांगतो. अमरावतीहून आलेल्या एका पेटीत डब्यांवरची लेबलं अदलाबदल झाली होती. मी तपासलं नाही. चौथ्याच्या आधी पाचवं रीळ चढवलं! पाचव्यात काळ्या दाढीचा खलनायक तलवार लागून समुद्रात पडला, मेला. टाळ्या, शिट्ट्या! लगेच चौथं रीळ लागलं, अन् तोच दाढीवाला मजेत कोंबडी खात बसलेला.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. आता खुर्च्या मोडणार!

माईकवरून मास्तरांचा आवाज आला, "हा त्याचा जुळा भाऊ होय! अंजनगाव सुर्जीले राहत होता. भावाची खबर भेटली तसा निघाला."

मागून एक जण म्हणाला, "भाऊ मेला अन् हा कोंबडी खाऊन राहिला!"

मास्तर म्हणाले, "त्याले अजून कोणी सांगितलं नाई."

"आत्ताच म्हणाले ना, खबर भेटली?"

"खबर भेटली आजारपणाची!"

शो निभावला. दुपारच्या शोला मी डबे नीट लावले, तर एक माणूस गेटवर भांडायला उभा! "सकाळी माह्या साळ्यानं पाह्यलं, त्यात दोन भाऊ होते. मले एकच दाखवला!"

*

एकदा नामदेवचे डोळे आले. डावा जास्त सुजला, म्हणून डॉक्टरांनी त्यावर काळी पट्टी बांधून दिली. नेमकं तेव्हा एका डोळ्याच्या कप्तानाचं चित्र चालू होतं. पब्लिकला वाटलं, जाहिरात! जो तो नामदेवच्या हातून तिकीट फाडून घेण्यासाठी गर्दी करू लागला. दुसऱ्या गेटवर काळं कुत्रं फिरकेना.

आठ दिवसांत डोळा बरा झाला. पण भाऊसाहेबांनी हुकूम काढला, "चित्र उतरेस्तोवर पट्टी उतरवायची नाई!"

चित्र पाच आठवडे चाललं. आम्हाला नामदेवची काळजी वाटू लागली. एक दिवस त्याची बायको डबा घेऊन आली. मी म्हणालो, "वहिनी, भाऊसाहेबांशी बोलू का? पट्टी काढून टाकू."

ती घाईघाईनं म्हणाली, "नका हो! एका डोळ्यानं पाहून राहिले तवापासून माह्या भाकरी गोल दिसतात त्यायले!"

*

मित्र विचारतात, यातलं चांगलं चित्र ओळखायचं कसं? माझी कसोटी सोपी. घरी जाताना माणूस सायकलवर उभा राहून पॅडल मारत असला, तर चित्र चांगलं. पुढे रंगीत चित्रं आली, जहाजं मोठी झाली, पण ही कसोटी काही बदलली नाही. फक्त एका चित्राला ती लागू पडली नाही.

त्या रविवारी मास्तरांची माय गावाहून आली होती. जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेलेला. सिनेमा कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी तिला बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसवलं, अन् त्या दिवशी त्यांची वाणी अशी चालली म्हणता! तलवारी त्यांच्याच हातात होत्या जणू. माय पोराकडेच पाहत होती, पडद्याकडे कमी.

मग जहाजाच्या तळघराचा सीन आला. साखळ्यांनी बांधलेले गुलाम वल्ही मारतायत, मागून चाबूक चालतोय. डाकूंचा कप्तान खाली उतरतो अन् कुऱ्हाडीनं एकेकाची साखळी तोडत जातो. पहिल्या माणसाला उभं राहता येत नाही. दोघं मिळून त्याला उभं करतात.

माईक बंद. मी भोकातून पाहिलं. मास्तर स्टुलावर बसलेले, माईक हातात, तोंडातून शब्द नाही. पडद्यावर इंग्रजी चालू, इकडे अर्थ सांगणारं कोणी नाही. भाऊसाहेब कुजबुजले, "नामदेव, मास्तरले सांग, बोला म्हणा. पब्लिक बोंबलीन!"

नामदेव निघाला. तो पोचायच्या आत पहिल्या रांगेतून माय पोराला म्हणाली, "चूप राह्य, बाबू. समजून राहिलं आमाले."

साखळ्या तुटत गेल्या. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी बोंबललं नाही. शो सुटल्यावर लोक सायकली हातात धरून पायी घरी गेले.

चित्र पुढे तीन रविवार चाललं. माय कधीच गावाला परत गेली होती. मास्तर सगळं सांगायचे. वादळ सांगायचे, खजिना सांगायचे, लग्नाची बोलणीसुद्धा सांगायचे. तळघर आलं की माईक मांडीवर ठेवायचे.

शेवटच्या रविवारी भाऊसाहेबांनी न राहवून विचारलंच, "मास्तर, सगळं सांगता, मंग तेवढंच काहून नाई सांगत?"

मास्तर म्हणाले, "मायनं नको म्हटलं."